अख्खं लग्न एका बादलीतून

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. शेवटी ती माझीच निघाली, पण ते शेवटी.

माझ्या धाकट्याचं, प्रबुद्धचं लग्न झालं त्याच्या आठव्या दिवशी मी तेजलच्या टेबलावरचा पेन ड्राइव्ह उचलला, पर्समध्ये टाकला आणि घाटकोपरहून थेट मुलुंडला विहीणबाईंकडे गेले. तेजल म्हणजे माझी नात, थोरल्या किरणची मुलगी. लग्नाचे फोटो तिने काढले होते. घरात एवढी हुशार पोरगी असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला, असं मीच भर बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. आमच्या घरात मी ठणकावलं की विषय संपतो.

पण आठ दिवस झाले तरी पोरगी फोटो दाखवीना. विचारलं की म्हणायची, "आजी, अजून कच्चे आहेत."

कच्चे म्हणजे काय? फोटो म्हणजे काय कैऱ्या आहेत अढीत घालून ठेवायला? मी उचलला पेन ड्राइव्ह आणि निघाले.

विहीणबाई म्हणजे शकु, प्रबुद्धची सासू. बाई वाईट नाही, पण तिच्या टीव्हीचा तिला फार तोरा. भिंतीएवढा टीव्ही. मी येणार म्हणून तिने मजल्यावरच्या चार बायका बोलावून बसवलेल्या. तिचा भाऊ देवदत्त सोफ्यावर पाय पसरून बसला होता. त्याने ऐटीत उठून पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्हीवर एक ओळ आली. ती देवदत्तने मोठ्याने वाचली, "दाखवता येईल अशी एकही फाईल नाही."

"रिकामा आहे हो कमलताई," शकु म्हणाली.

"रिकामा कसा असेल? घरून येईपर्यंत मला जड लागत होता."

देवदत्तने तो काढला, त्यावर फुंकर मारली, परत लावला. मग शर्टाला पुसून लावला. मग उलटा लावायला गेला तेव्हा मीच म्हटलं, "दादा, राहू द्या, तुटेल." चार बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीने तर मला पाणी आणून दिलं, जसं काही मी चक्कर येऊन पडणार होते.

शकु म्हणाली, "माझ्या भाचीचं, मीराचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. फोटोंसाठी मी तेजलचंच नाव सांगणार होते. आता रविवारी आम्ही तुमच्याकडे जेवायला येतोय ना, तेव्हा बघू. फोटो असतील तर."

'फोटो असतील तर.' हे तीन शब्द मला मुलुंडपासून घरापर्यंत टोचत आले.

घरी आले तर किरण दारातच उभा. शकुने मुलीला, म्हणजे आमच्या नव्या सूनबाईला, फोन केला होता आणि सूनबाईने सगळ्या घराला. किरण माझ्यावर आवाज चढवत नाही, त्याला तेवढी अक्कल आहे. तो तेजलवर चढवतो.

"रविवारपर्यंत फोटो दिसले नाहीत तर हा कॅमेरा विकायचा. सोमवारपासून कॉल सेंटर. मी बोलून ठेवलंय तिथे."

 तेजलने कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट केला, बस्स.  अकरावीपासून पोरीने लहान मुलांच्या ट्यूशन घेऊन, पैसे साठवून तो कॅमेरा घेतला होता. लग्नाच्या आधी जेमतेम चार दिवस हातात आलेला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "आता नीट सांग. कच्चे म्हणजे काय?"

"आजी, कॅमेरा दोन प्रकारे फोटो देतो. एक शिजवून, ताटात वाढून. तो कुठेही दिसतो. दुसरा नुसता कच्चा शिधा. शिधा घेतला की आपण घरी आपल्या चवीने शिजवायचं. काही बिघडलं तर सुधारता येतं. मी सगळे फोटो शिध्याचे काढले."

"मग?"

"मग तू विहीणबाईंकडे शिधा घेऊन गेलीस आणि म्हणालीस, जेवा."

ही पोरगी माझ्यावर गेली आहे.

"बरं, मग शिजव की पटकन. अडलंय कुठे?"

अडलं होतं ते असं. कॅमेरा यंदाचा आणि तिच्या लॅपटॉपमधला फोटो शिजवायचा प्रोग्रॅम चार वर्षांपूर्वीचा. त्याला या कॅमेऱ्याच्या फाईली ओळखूच येत नव्हत्या. नुसते पांढरे चौकोन आणि त्यांच्याखाली नंबर, जेलमधल्या कैद्यांसारखे. देवदत्तने फोनवरून सल्ला दिला की फाईलचं नाव बदला, शेवटी जेपीजी लिहा, लगेच उघडेल. किरणने खाली मान घालून चाळीस फाईलींची नावं बदलली. एकही उघडली नाही. मी म्हटलं, "उद्या मी तुला देवदत्त म्हणून हाक मारली तर तुला त्याच्यासारखं पोट सुटणार आहे का?"

शेवटी आला आमचा जावई. चंद्रप्रकाश, माझ्या माधुरीचा नवरा. शाळेत क्लार्क आहे. माणूस गरीब, पण वेळ अशी साधतो की काय सांगू. लग्नाच्या तीन आठवडे आधी आरे कॉलनीच्या रस्त्याला स्कूटरवरून पडला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसला. प्लास्टर कोपरापासून बोटांपर्यंत, त्यावर शाळेतल्या पोरांनी फुलं, मांजर आणि 'सर लवकर बरे व्हा' असं लिहिलेलं. सगळं लग्न पांढऱ्या कपड्यात आणि हा मधे मांजर घेऊन उभा राहणार! मी सांगितलं, "जावईबापू, हे बदलून या." आदल्या दिवशी बिचारा नवीन कोरं प्लास्टर घालून आला. तरी मी त्याला दिवसभर खांबामागे उभं केलं. फोटोत हात नको म्हणजे नको.

तर या चंद्रप्रकाशने डाव्या हाताने तासभर टकटक करून शोधून काढलं की कॅमेऱ्याच्या कंपनीचाच एक प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात या फाईली उघडतात. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून किरणने जपून ठेवलेले सतरा पिक्चर उडवले. किरण गॅलरीत जाऊन उभा राहिला. आणि शनिवारी सकाळी फोटो उघडले!

मी चष्मा लावून पुढे सरकले, आणि मागे झाले.

"हे काय गं? सगळे बुडून मेल्यासारखे दिसतायत."

सगळं लग्न निळं. मी निळी, प्रबुद्ध निळा, जिलेबीसुद्धा निळी.

तेजल हसली. "हरकत नाही आजी. हॉलमधले ते भगभगीत दिवे, त्यांच्यासाठी कॅमेऱ्याचं सेटिंग करायचं माझं राहिलं. म्हणून तर कच्चे काढले ना. आता मशीनला फक्त एक गोष्ट सांगायची, की या फोटोत खरं पांढरं काय आहे. ते एकदा कळलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. एका फोटोचं जमलं की तेच सगळ्यांना लावायचं, हॉलमध्ये उजेड दिवसभर एकच होता."

डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरचं एक चित्र होतं. ते घेऊन पांढऱ्यावर टिचकी मारायची.

"मग माझ्या साडीवर मार," मी म्हटलं. "त्याहून पांढरं मंडपात काय होतं?"

हे मी उगाच म्हटलं नाही. माझ्या हातचे पांढरे कपडे घाटकोपरमध्ये माहीत आहेत. चौदा एप्रिलला आमच्या मजल्यावरची दोरी बघायला खालच्या मजल्यावरचे वर येतात. लग्नात तर शकुने स्वतःहून निरोप धाडला होता की कमलताई, आमच्याकडचे पांढरे कपडेही तुमच्याच हातून निघू द्या. मुलुंडहून रिक्षात घालून बोचकं आलं होतं. नवरी सोडून दोन्हीकडच्या सगळ्यांचे कपडे मी धुतले.

तेजलने माझ्या साडीवर टिचकी मारली.

सगळ्यांना कावीळ झाली.

खोटं सांगत नाही. प्रबुद्ध हळदीचा गोळा. शकु पिकलेल्या पपईसारखी. मला स्वतःला बघून मी म्हटलं, या बाईला आधी दवाखान्यात न्या.

"थांब, दुसरं काहीतरी घेते," तेजल म्हणाली. प्रबुद्धच्या कुडत्यावर टिचकी मारली. कावीळ. किरणच्या शर्टावर, शकुच्या साडीवर, शकुच्या रुमालावर. सगळीकडे कावीळ. मेणबत्तीवर मारली तर परत सगळे बुडाले. भिंतीवर मारली तर तेच, कारण भिंत पांढरी नव्हतीच, क्रीम होती. मी म्हटलं, "देवदत्तच्या दातांवर मार, एवढे दाखवतोय तर काहीतरी उपयोग होऊ दे." तिने मारली. आयुष्यभराचा गुटखा त्या दातांवर बसलेला. सगळं लग्न जांभळं झालं.

शनिवार संध्याकाळपर्यंत पोरीने दीडएकशे टिचक्या मारल्या असतील. शेवटी म्हणाली, "मला नाही जमत आजी. पांढऱ्यावर पांढरं म्हणून बोट ठेवते तरी चुकतंय. मला डोळेच नाहीत बहुतेक या कामाचे."

मी म्हटलं, "रडू नको, भाकरी खा." दुसरं काय बोलणार? माझ्या डोक्यात तेव्हा काहीच आलं नव्हतं. खरंच नव्हतं.

रविवारी दोन वाजता या म्हटलेले लोक बारालाच हजर. शकु आणि देवदत्त. चंद्रप्रकाशही आला, प्लास्टरमध्ये खाज सुटते म्हणून चमच्याची दांडी आत घालून खाजवत कोपऱ्यात बसला. मटण अजून शिजायचं होतं. शकु म्हणाली, "जेवण होऊ द्या सावकाश. आधी फोटो."

तेजलने लॅपटॉप समोर ठेवला. मी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होते, पण कान तिकडेच.

"अगं बाई! हे सगळे आजारी कशाने पडले?" शकुचा आवाज.

"काकू, रंग अजून नीट बसत नाहीये."

"कॅमेरा खराब असेल," देवदत्त म्हणाला.

"कॅमेरा चांगला आहे. आजीची साडी पांढरी आहे म्हणून मी तिच्यावरून रंग लावते, पण..."

"कमलताईंच्या हातचं पांढरं म्हणजे काय प्रश्नच नाही," शकु म्हणाली. "त्यात काही खोट असणार नाही. मुलीचंच काहीतरी चुकतंय. असू दे बाळा, सगळ्यांनाच सगळं जमत नाही. मीरासाठी आम्ही दुसरा बघू."

किरण उठला. खुंटीवरची कॅमेऱ्याची बॅग काढली. तेजलने मनगटावरचा पट्टा सोडवायला घेतला. एक वेढा, दुसरा वेढा.

आणि माझी नजर मोरीकडे गेली.

मोरीत माझी मोठी बादली आडवी पडलेली. पांढरी बादली. तिच्या आतल्या कडेला निळा पट्टा, बोटभर जाड. घासूनही गेला नव्हता.

मी कोथिंबीर खाली ठेवली. तुम्हाला सांगते, साठ वर्षांत मी कुणापुढे मान खाली घातलेली नाही. सासूपुढे नाही, नळावरच्या भांडणात नाही. गप्प बसले असते तर माझ्या पांढऱ्याचं नाव राहिलं असतं. शकु स्वतःच्या तोंडाने ते गात होती. पण तिकडे पट्ट्याचा तिसरा वेढा सुटत होता.

"साडी पांढरी नाही," मी म्हटलं.

"काय?"

"बहिरी नाहीस तू, शकु. साडी पांढरी नाही. निळी आहे."

मग सांगितलं सगळं. हळदीच्या दिवशी माधुरी म्हणाली होती, आई, नवीन साडी आज नेसू नको. मी म्हटलं, मला शिकवू नको. दुपारी मांडीवर अख्खी हळदीची वाटी सांडली. कुणाला कळायच्या आत मी साबण लावला, तर डाग लाल झाला. उन्हात घातली तर परत पिवळा. सकाळी लग्न. मी बादलीत नीळ टाकली. दोन झाकणं पुरतात, मी अर्धी बाटली ओतली. साडी बुडवली, काढली, बुडवली. डाग झाकला गेला.

"आणि ते पाणी कसं फेकणार? एवढी नीळ. म्हणून त्याच पाण्यात बाकीचे कपडे काढले."

"बाकीचे म्हणजे?" शकुने विचारलं.

"सगळे."

"आमचं बोचकं?"

"ते आधी."

"म्हणजे मी माझ्या मुलीच्या लग्नात तुमच्या हळदीच्या पाण्यात बुचकळलेली साडी नेसून उभी होते?"

"आणि सगळ्या बायका तुला विचारत होत्या की एवढी पांढरी कुठून आणली. तेव्हा तक्रार नव्हती केलीस."

देवदत्त हळूच म्हणाला, "माझा शर्टसुद्धा?"

"बनियनसुद्धा, दादा."

शकु तोंड उघडून बसली. किरण बॅग हातात धरून तसाच उभा. पण तेजलचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिचे डोळे असे लकाकले की काय सांगू.

"आजी! म्हणजे मी निळ्याला पांढरं समजत होते! म्हणून ते निळं मारायला मशीन सगळ्यांवर पिवळं ओतत होतं! आजी, लवकर सांग, त्या बादलीत न गेलेलं पांढरं काय होतं?"

आता आली पंचाईत. मोजे? बादलीत. रुमाल? बादलीत. टेबलावरचं कापड? तेही बादलीत, मी काही सोडलंच नव्हतं. अख्खं लग्न एका बादलीतून निघालं होतं.  तेवढ्यात कोपऱ्यातून खर्र खर्र असा आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. चंद्रप्रकाश चमच्याने खाजवायचा थांबला.

"याला पण बुडवा म्हणाला होतात तुम्ही, आई," तो म्हणाला. "मीच नको म्हटलं. डॉक्टरांनी पाणी लावू नका सांगितलेलं."

"चंदूकाका!" तेजल ओरडली. "तू पांढरा आहेस!"

मग लागलो शोधायला. अकराशे सेहेचाळीस फोटो, आणि जावई कुठे? एका फोटोत खांबामागून कान. एकात नुसता बूट. एकात गुच्छाच्या वरून टक्कल. मी इतकं बजावून लपवलेल्या माणसाला आता सगळं घर लॅपटॉपमध्ये डोकी घालून शोधत होतं. शकुसुद्धा. "तो बघा, तो बघा! छे, तो मंडपवाला."

नऊशे कितव्या तरी फोटोला देवदत्तने टाळी वाजवली.

फोटोत मी होते. तोंड एवढं उघडं, नाकपुड्या फुगलेल्या, बोट वर केलेलं. आणि माझ्यासमोर चंद्रप्रकाश, पोलिसांनी धरल्यासारखे दोन्ही हात वर करून उभा. कोरं करकरीत प्लास्टर भर मंडपात चमकत होतं.

"हा कधी काढलास?" मी विचारलं.

"तू त्याला हात लपवा म्हणून ओरडत होतीस तेव्हा," तेजल म्हणाली. "पुसून टाकणार होते."

तिने ड्रॉपर घेतला आणि जावयाच्या हातावर टिचकी मारली.

माणसं परत आली. प्रबुद्धचा सावळा रंग सावळा झाला, नवरीच्या गालावरची लाली लाली झाली, जिलेबी केशरी झाली. तेजलने तेच सगळ्या फोटोंना लावलं, आणि ते चौकोन एकामागून एक असे उमलत गेले की किरणने बॅग गुपचूप परत खुंटीला लावली. सतरा पिक्चर गेल्याचं दुःखही तेव्हा तो विसरला असावा.

शकु मात्र बारकाईने बघत होती. विहीण आहे शेवटी.

"पण कमलताई," ती म्हणाली, "आता कपडे सगळ्यांचे निळसर दिसतायत हो. तुमची साडी तर चक्क आकाशी."

"मग? जे होतं ते दिसतंय." मी पदर खोचला. "आणि निळ्या रंगाची आपल्याला कधीपासून लाज वाटायला लागली, विहीणबाई?"

 मागून देवदत्तने "जय भीम!" असा आवाज टाकला की कुकरच्या शिट्टीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही आणि मटण जरा खाली लागलं.

जेवताना शकुने दोन गोष्टी जाहीर केल्या. मीराच्या लग्नाचे फोटो तेजलच काढणार, ही एक. आणि कपडे आम्ही मुलुंडला आमचे आम्ही धुऊ, ही दुसरी. मी म्हटलं, "तुझी मर्जी. मग पिवळट दिसलात तर मला सांगू नको." शिवाय तिने एक फोटो मोठा करून मागितला, तिच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावायला. कुठला, ते तुम्ही ओळखलं असेल. नाकपुड्यांसकट.

जावयाचा हात पुढच्या आठवड्यात सुटला. डॉक्टर प्लास्टर फेकायला निघाले तर तेजलने त्यातला वीतभर तुकडा मागून घेतला. तो आता तिच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असतो, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक लग्नात पहिला फोटो त्याचा. नवरा-नवरीच्या आधी मंडपात आमच्या जावयाचं प्लास्टर धरून उभं राहायचं, एक फोटो काढायचा, मग बाकीचं लग्न. धरायचं काम चंद्रप्रकाश स्वतः करतो. त्याला आता कुणी खांबामागे उभं करत नाही.

परवा त्या तुकड्यावर चहाचे शिंतोडे उडाले होते. मी तो उचलला आणि म्हटलं, "एकदा बादलीतून काढून देते."

दोघांनी मिळून माझ्या हातातून तो हिसकावून घेतला.